प्रशिक्षण भार
प्रशिक्षण भार म्हणजे व्यायामामुळे शरीरावर पडणाऱ्या ताणाचे संख्यात्मक मोजमाप होय. क्रीडाविज्ञानात त्याचे बाह्य आणि आंतरिक असे दोन प्रकार मानले जातात. धावलेले अंतर, वेग वा उचललेले वजन हा बाह्य भार. त्याला हृदय, स्नायू व मन यांनी दिलेला प्रतिसाद हा आंतरिक भार. बाह्य भार समान असूनही उष्ण व दमट हवेत हृदयगती वाढते, म्हणजेच आंतरिक भार अधिक असतो.

इतिहास व मापन
कॅनडातील संशोधक एरिक बॅनिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक गणिती प्रतिमान मांडले. प्रत्येक व्यायामातून क्षमता आणि थकवा दोन्ही निर्माण होतात. थकवा लवकर ओसरतो, क्षमता अधिक काळ टिकते, आणि कामगिरी ही या दोहोंमधील फरकावर ठरते, असे त्याचे सूत्र आहे. स्पर्धेपूर्वी सराव कमी करण्याच्या प्रथेचे स्पष्टीकरण यातून मिळते.

अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत उपकरणाविना वापरता येते. व्यायामानंतर जाणवलेल्या श्रमास ० ते १० पैकी गुण देऊन त्यास मिनिटांनी गुणले जाते. ६० मिनिटांच्या सरावास ५ गुण दिल्यास भार ३०० एकक येतो.

पुनर्प्राप्तीचे निर्देशक
व्यायामानंतर शरीर पूर्ववत होण्याच्या प्रक्रियेस पुनर्प्राप्ती म्हणतात. विश्रांतीतील हृदयगती, झोप आणि हृदयगती परिवर्तनशीलता हे तिचे प्रचलित निर्देशक आहेत. लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील कालांतरात होणाऱ्या बदलास परिवर्तनशीलता म्हणतात. ती नेहमीपेक्षा घटल्यास शरीरावर ताण असल्याचा संकेत मानला जातो. मात्र आजार, मद्यपान व अपुरी झोप यांमुळेही ती घटते. व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक असल्याने तुलना स्वतःच्याच पूर्वीच्या सरासरीशी करणे योग्य ठरते.

मर्यादा व टीका
गेल्या ७ दिवसांच्या भारास मागील ४ आठवड्यांच्या साप्ताहिक सरासरीने भागून तीव्र-दीर्घकालीन भार गुणोत्तर काढतात. ते ०.८ ते १.३ दरम्यान असल्यास दुखापतीचा धोका कमी असतो, असे मत २०१६ नंतर लोकप्रिय झाले. या गुणोत्तराच्या सांख्यिकीय पायावर व दुखापतीचे भाकीत करण्याच्या क्षमतेवर अनेक संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत.

मनगटी घड्याळे त्वचेवर प्रकाश टाकून नाडी मोजतात. हाताच्या हालचालीमुळे त्यात त्रुटी येऊ शकते. त्यांवरील 'सज्जता' गुणांक प्रत्येक कंपनी स्वतःच्या सूत्राने काढत असल्याने दोन उपकरणांचे आकडे परस्परांशी ताडता येत नाहीत. हे आकडे वैद्यकीय निदान नव्हेत. ताप वा छातीत दुखणे असताना गुणांक चांगला दिसला, तरी व्यायाम सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही.