चवदार तळे आणि सरकारी दवाखाना

महाडचे नाव घेतले की चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक या तळ्याचे पाणी प्यायले, हे आपण वर्गात शिकवतो. हा हक्क ज्या ठरावाच्या आधाराने बजावला गेला, त्याचा मजकूर मात्र सहसा वाचला जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्याव्यात, अशी शिफारस त्यात होती. त्याच यादीत पुढे शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने होते.

पाणी आणि शाळा आपल्या ध्यानात राहिल्या. दवाखाना हा शब्द मागे पडला. सार्वजनिक पैशातून चालणारा दवाखाना खरोखर सार्वजनिक कधी होतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला महाड-पोलादपूरचा परिसर फार सोयीचा आहे.

ठराव आणि व्यवहार

बोले ठरावानंतर सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना अंमलबजावणीचा आदेश दिला. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मात्र केवळ सल्ला दिला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी पुढली तीन वर्षे तळ्यावर कोणी गेले नाही. जाण्याची परिस्थितीच नव्हती. ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान थांबवावे, असा दुसरा ठराव बोल्यांना १९२६ मध्ये मांडावा लागला. १९२७ च्या सत्याग्रहानंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. ठराव झाल्यापासून तो हक्क पक्का होईपर्यंत १३ वर्षे गेली.

सत्याग्रहानंतर तळे 'शुद्ध' करण्यात आले, हेही आपल्याला ठाऊक आहे. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चार करीत तळ्यात सोडल्या गेल्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले ते १८८४ मध्ये. पाणी कशाने दूषित होते हे त्यानंतर कोडे राहिले नव्हते. माणसाच्या जातीने पाण्यात काहीही मिसळत नाही. शेण आणि दूध मात्र मिसळते. त्यावर जीवाणू वाढतात आणि पाण्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होतो. शुद्धीची ती कल्पना सामाजिक होती आणि आरोग्याच्या कसोटीवर ती उलटी ठरत होती.

तीन हातांतून गेलेला तापमापक

हीच कल्पना वैद्यकात शिरली की काय होते? गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात डिसेंबर १९२९ मध्ये काठेवाडातील एका दलित शिक्षकाचे पत्र छापून आले. डॉ. आंबेडकरांनीही आपल्या आठवणींच्या लेखनात ते दिले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईनात. गावातल्या वजनदार माणसांनी शब्द टाकल्यावर ते आले, पण रोग्याला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. डॉक्टरांनी तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्यांनी तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने पत्नीला. त्याच वाटेने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरांनी न्यूमोनियाचे निदान केले. नाडी नाही, छाती तपासणे नाही. बाई वाचल्या नाहीत.

तापमापक बरोबरच होता, डॉक्टरही शिकलेले होते. ज्ञान आणि रोगी यांच्यामध्ये दोन माणसे उभी करावी लागली, एवढेच. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात वा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरवला. बोले ठरावातल्या शिफारशीचा ३२ वर्षांनी दंडनीय कायदा झाला.

दार उघडे, पण वाट?

कायद्याने दार उघडते. दारापर्यंतची वाट कायदा बांधत नाही. केवळ पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे. खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्याच अहवालातून पुढे आली. आज सपाट प्रदेशात ३०,००० लोकवस्तीला एक आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० ला एक केंद्र, असा निकष आहे. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५,००० आणि ३,००० आहेत.

सर्वांना एकच आकडा का नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. पोलादपूर तालुका डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरच्या डोंगराखाली सावित्रीच्या खोऱ्यात विखुरलेल्या वाड्या, मधे ओढे, पावसाळ्यात दरडी. येथले पाच किलोमीटर आणि पठारावरचे पाच किलोमीटर सारखे नसतात. सर्वांना सारखे देणे ही समानता. प्रत्येकाला सारखे पोचेल असे देणे ही समन्यायी वाटणी. पाणीवाटपाच्या चळवळीने हा शब्द महाराष्ट्राला दिला. आरोग्यसेवेलाही तो तितकाच लागू पडतो.

विंचवाचा धडा

वाट झाली, दार उघडले; आत उपचारच नसेल तर? १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, काही तासांत दगावत. दंश होई तो शेतात राबणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या माणसांना. असे रोगी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत पोचत नसत. साहजिकच पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावरचा खात्रीचा उपचार नव्हता. लोक विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे जात, याचे नवल ते काय?

बावस्करांनी रोग्यांजवळ बसून नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर फुप्फुसांत पाणी, असा क्रम दिसू लागला. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिका उघड्या राहतात आणि ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. धोक्याच्या आरंभीच्या लक्षणांवरील त्यांचे टिपण 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी वापरली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यावरचे टिपण १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आले. फुप्फुसांत पाणी झालेल्या दंशरोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी शेकडा २५ ते ३० होते; प्राझोसिननंतर ते एकाच्याही खाली आल्याचे बावस्करांनी नोंदवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेत औषधाइतकेच महत्त्व ज्ञानाच्या दिशेला आहे. आरोग्यखात्याच्या उतरंडीत प्राथमिक केंद्र अगदी तळाशी. तेथे वरून आदेश येतात, खालून तक्ते जातात. बिरवाडीहून मात्र प्रश्नही वर गेला आणि उत्तरही. शेतमजुराच्या मुलाचा मृत्यू हा शास्त्राने सोडवण्याजोगा प्रश्न आहे असे कोणी मानले, तेव्हा तो दवाखाना खऱ्या अर्थाने त्या मुलाचा झाला.

आतली पायरी

एक प्रश्न अजून उरतो. दवाखाना लोकांचा व्हायचा, तर तो चालवणाऱ्यांचाही व्हायला हवा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या. गरोदर बाईला दवाखान्यात नेणारी, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरणारी, कोविडच्या साथीत दारोदार तपासणी करणारी ती हीच. गावातलीच असल्याने तिच्यामुळे दवाखाना परका वाटत नाही. तिला मात्र आजही वेतन नाही, कामावर आधारित मोबदला व मानधन मिळते. खात्याची कर्मचारी म्हणून तिची गणना होत नाही. महाराष्ट्रातील आशांनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी संप केला, त्यामागे मानधनाइतकाच या ओळखीचा प्रश्न होता. जिच्या पायांवर सेवा उभी आहे तिलाच पायरीबाहेर ठेवायचे, ही रीत महाडच्या इतिहासाला शोभत नाही.

वर्गासाठी एक काम सुचवतो. मुलांना आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. केंद्राखाली किती वाड्या आहेत, सर्वांत दूरची वाडी किती अंतरावर आहे आणि तेथून रात्री रोगी कसा येतो, हे विचारून नकाशा काढावा. गेल्या महिन्यात त्या वाडीतून किती जण आले, हेही केंद्रात विचारावे. आकडा शून्य असेल, तर वाडीत कोणी आजारी पडलेच नाही असे समजू नये. शून्य का, याचे कारण शोधावे. १९२४ ते १९२७ या काळात खुल्या चवदार तळ्यावरही अस्पृश्यांच्या घागरींची नोंद शून्यच होती.