घाटमाथ्याच्या पाण्यावर नांदणारे कोलाड

मुंबईहून गोव्याकडे निघालेला प्रवासी वडखळ, नागोठणे, खांब ही गावे मागे टाकत सुमारे १२० किलोमीटरवर कोलाडला पोहोचतो. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील हे गाव कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे. प्रवाशांना 'कोलाड' म्हणून परिचित असलेली बाजारपेठ वास्तविक आंबेवाडी नाक्याची आहे. येथून पश्चिमेस रोह्याचा रस्ता फुटतो, तर पूर्वेस सुतारवाडी, विळेमार्गे ताम्हिणी घाट चढून पुणे गाठता येते. राजकीय वर्तुळात सुतारवाडीचे नाव खासदार सुनील तटकरे यांचे गाव म्हणून सर्वश्रुत आहे.

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात खडकांपुरत्या उरतात. कुंडलिका मात्र ऐन वैशाखातही वाहती असते. तिचे हे वैभव निसर्गदत्त नाही. घाटमाथ्यावर मुळा नदी अडवून टाटा कंपनीने मुळशीचे धरण बांधले. तेथील पाणी सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात सोडले जाऊ लागले, ते १९२७ पासून. वीजनिर्मितीनंतर तेच पाणी कुंडलिकेच्या पात्रात येते. वस्तुतः मुळा ही भीमेच्या खोऱ्यातील, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाणारी नदी. माणसाने तिचे पाणी अरबी समुद्राकडे वळविले, आणि कोलाडची शेती व व्यवसाय त्या वळणावर उभे राहिले.

या पाण्याची किंमत मात्र मावळातील शेतकऱ्यांनी मोजली. धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्याने 'सेनापती' झाले. सत्याग्रह अयशस्वी ठरला, गावे पाण्याखाली गेली. कोलाडच्या पुलावरून नदी न्याहाळणाऱ्यांपैकी किती जणांना या इतिहासाची जाणीव असते, हा प्रश्नच आहे.

भिऱ्याहून आलेले पाणी कोलाडनजीक डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवून कालव्यांत सोडले जाते. त्यामुळे या पट्ट्यात उन्हाळी भाताचे दुसरे पीक घेता येते, आणि कलिंगडाचे मळेही फुलतात. शिशिरात वालाच्या शेंगा व भांबुर्ड्याच्या पाल्याने भरलेल्या मडक्यांतून शिजणारी पोपटी हा या परिसराचा आणखी एक लौकिक. गेल्या काही वर्षांत या पाण्याने नवा रोजगारही दिला. भिऱ्याची जनित्रे चालली, की नदीला वेग येतो. त्या वेळेचा अंदाज घेऊन सकाळी रबरी तराफे पात्रात सोडले जातात आणि सुमारे १२ किलोमीटरचा थरारक जलप्रवास घडतो. वीजगृहाने पाणी सोडले नाही, तर तराफे काठावरच राहतात.

कुंडलिका पुढे धाटाव व रोहा ओलांडून रेवदंडा-कोर्लईजवळ समुद्राला मिळते. सुरगड, अवचितगड आणि घोसाळगड हे या टापूचे जुने पहारेकरी. जंजिऱ्याचा सिद्दी आणि मराठे यांच्या दीर्घ संघर्षाचे ते साक्षीदार आहेत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे, तर 'स्वाध्याय'चे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यात झाला. येथील ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिस सशस्त्र सलामी देतात. ही प्रथा ब्रिटिश अमदानीपासूनची. धाटावच्या रासायनिक वसाहतीने हजारोंना काम दिले, तसेच नदीच्या खालच्या पात्राला प्रदूषणही दिले. त्याची झळ सर्वाधिक सोसली ती खाडीकाठच्या मच्छीमारांनी.

कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासून होतो आणि तिच्या मार्गावरील पहिले स्थानक कोलाड. रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये खुला झाला. २६ जानेवारी १९९९ रोजी मालाने भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत नेण्याची 'रो-रो' सेवा सुरू झाली. ती पुढे सुरतकलपर्यंत वाढली. चालक ट्रकमध्येच बसून प्रवास करतो, घाट व डिझेल दोन्ही वाचतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, मोटारींसाठीही अशी सेवा सुरू करण्यात आली. तिची गरज का भासली, हे महामार्गाने जाणाऱ्या चाकरमान्यांना सांगावयास नको. या मार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेण्यात आले आणि त्यानंतर एकेक मुदत उलटत गेली. आंबेवाडी नाक्यावरील खड्डे व कोंडी दरवर्षी गणपतीआधी बातमीचा विषय ठरत आली.

आता खरी चिंता पुन्हा पाण्याचीच आहे. अवर्षणाच्या वर्षी मुळशीचे पाणी वीजनिर्मितीऐवजी पूर्वेकडे, मूळ खोऱ्यात सोडावे, अशी मागणी घाटावरून वारंवार होते. दुष्काळी भागाच्या दृष्टीने ती अन्याय्य म्हणता येणार नाही. परंतु तसे झाल्यास डोलवहाळचे कालवे कशावर वाहणार, याचा विचार त्या चर्चेत क्वचितच होतो. इकडे कालव्यांची गळती आणि रखडलेली दुरुस्ती यांपायी शेवटच्या टोकाच्या शेतांपर्यंत पाणी पोहोचत नसल्याची तक्रार जुनीच आहे. त्यासाठी येथील ग्रामस्थांना वेळोवेळी आंदोलनाचा मार्ग धरावा लागला आहे.