सदाहरित रानगुलाबाची ओळख

नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलांना कलम म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळ्याखाली फूट आली, तर बागवान ती लगेच काढतो. नाहीतर वरचे संत्रे दबते आणि जंभेरी माजते. शाळेतल्या कलमी गुलाबाचेही असेच होते. खालचा जोमदार फुटवा राहिला, तर काही वर्षांनी मुले म्हणतात, 'गुलाबाचे फूल बदलले!' फूल बदललेले नसते. खुंटाचा रानगुलाब वर आलेला असतो.

खुंटासाठी वापरतात त्या जातींपैकी एक म्हणजे पूर्व आशियातील रोझा मल्टिफ्लोरा. तिची फुले लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची व घोसात येणारी. फुलाच्या मध्यभागी कुक्षिवृंत एकमेकांना चिकटून छोटा खांब झालेला दिसतो. गुलाबांचा एक मोठा गट या खांबावरून ओळखतात. याच गटातल्या एका सदाहरित वेलीचा इतिहास आपण पाहू.

भूमध्य समुद्राकाठी झुडपांवर चढणारा एक पांढरा रानगुलाब आहे. तिथला हिवाळा सौम्य असल्याने त्याची चकचकीत पाने थंडीतही टिकतात. १७५३ साली लिनियसने त्याला रोझा सेम्परव्हायरेन्स, म्हणजे 'सदा हिरवा' गुलाब, असे नाव दिले. पुढे फ्रान्समध्ये ऑर्लिअन्सच्या ड्यूकच्या पदरी असलेल्या झाक या माळ्याने १८२० नंतरच्या दशकात या जातीपासून वेली गुलाबांचे संकर तयार केले. त्यांतला 'फेलिसिते ए पेर्पेतू' आजही बागांत लावला जातो.

त्याच सुमारास दक्षिण भारतातला एक गुलाब युरोपातील अभ्यासकांपुढे आला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेशेनॉल्ट १८१६ मध्ये पाँडिचेरीला आला होता. त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा गुलाब निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत वाढतो. तोही वेलीसारखा चढणारा, पांढऱ्या फुलांचा आणि खांबासारख्या कुक्षिवृंतांचा. रदूतेच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'ले रोझ' या ग्रंथात थोरीने १८२४ साली त्याला सेम्परव्हायरेन्सचाच एक प्रकार मानले. दहा वर्षांनी, १८३४ मध्ये, वाइट आणि आर्नट यांनी द्वीपकल्पीय भारताच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्याला स्वतंत्र जातीचा मान दिला. तेव्हापासून तो रोझा लेशेनॉल्टियाना.

यातून वर्गात सांगण्यासारखे काय? पाने टिकणे हे हवामानाशी जोडलेले लक्षण आहे. नागपूर जिल्ह्यातला साग कोरड्या दिवसांत पाने टाकतो, तर कडक थंडीच्या देशात लावलेला सेम्परव्हायरेन्सही आपली पाने टाकतो. कुक्षिवृंतांचा खांब मात्र हवामानाने बदलत नाही. तो नाते सांगतो. पण नाते म्हणजे एकच जात नव्हे. त्यासाठी उपपर्णे, काटे, देठावरील ग्रंथी असे सगळे तपासावे लागते. मल्टिफ्लोराची उपपर्णे कंगव्यासारखी कातरलेली असतात; खुंटाचा फुटवा ओळखायला एवढी खूण बहुधा पुरते.

ही ओळख केवळ नावापुरती नाही. बागेतले बहुतेक गुलाब युरोप-अमेरिकेच्या थंड हवेत निवडले गेले. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते थकतात. उष्ण प्रदेशाला मानवणारे गुलाब घडवायचे, तर उष्ण प्रदेशातले रानगुलाब हवेत. कोडाईकनालचे वीरराघवन यांनी याच विचाराने भारतीय रानजाती संकरासाठी वापरल्या. त्यांतली एक रोझा जायगँटिया. ही झाडांवर उंच चढणारी वेल जॉर्ज वॉटला १८८२ मध्ये मणिपुरात सापडली होती.

निलगिरीतली बरीच गवताळ माळराने आणि शोला वने चहा, निलगिरी व वॅटलच्या लागवडीखाली गेली आहेत. बागवान डोळे घेण्यासाठी चांगले मातृवृक्ष जपतो. रानगुलाब हे आपल्या गुलाबांचे मातृवृक्षच आहेत. तेव्हा यंदा शाळेतल्या गुलाबाला खालून फुटवा आला, तर तो काढण्यापूर्वी मुलांना त्याची उपपर्णे भिंगातून पाहू द्यावीत, असे आम्ही सुचवतो.