दाढेखालचा तुकडा

गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून वर येईपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असतो. १५६३ सालचा एप्रिल. बाजारात मिरी, सुकी मासळी, ओली गोणपाटं. आणि या सगळ्यातून एक वास वाट काढत येतो, आल्यासारखा, पण कापराकडे झुकणारा. तुम्ही वाकता. गोणीत बोटाएवढ्या तांबूस, गाठाळ कांड्या.

कोष्टकोळिंजन! आजीच्या डब्यात ज्येष्ठमधाला लागून असायचं. कीर्तनाला उभं राहण्याआधी बुवा तुकडा दाढेखाली धरायचे.

पोर्तुगीज गिऱ्हाईक ‘गालांगा’ मागतं, अरब व्यापारी ‘खुलंजान’ म्हणतो. सगळ्यांच्या मुळाशी चिनी नाव: गाओल्यांग मुलखातलं आलं. गलबतागणिक नाव थोडं थोडं झिजत इथवर पोचलंय.

मूठभर घेऊन तुम्ही वैद्याचं घर गाठता. गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये पोर्तुगालहून आला तो इथलाच झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही त्यानं औषध दिलंय. मेजावर त्याचं नुकतंच छापून आलेलं पुस्तक आहे, हिंदुस्थानातल्या औषधींवरचं. छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्रच पानंच्या पानं चाललंय. पुस्तकभर रुआनो नावाचा एक कल्पित पाहुणा ग्रीक ग्रंथांतल्या शंका काढतो आणि ओर्ता डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. एखादी वस्तू दाखवायची झाली की अँटोनियाला हाक. ती गुलाम. या घरात औषधांना हात तिचा लागतो, हे पुस्तकातून नकळत कळून जातं.

आताही तीच दोन कांड्या आणून ठेवते. धाकटी चीनची, वासाला तिखट. थोरली जावाची, अंगानं भरलेली, गुणाला उणी. दोन्ही आल्यासारख्याच, बी न पेरता कांडं लावून वाढतात. तिकडे युरोपात काही पंडित याला वेखंड समजून बसलेत. तुम्हाला हसू येतं. ज्याच्या घरी बाळगुटीसाठी वेखंड उगाळलं गेलं, तो डोळे मिटूनसुद्धा फसणार नाही. पण त्यांनी तरी काय करावं? जुन्या ग्रीकांनी हे मूळ पाहिलंच नव्हतं. अरबांकडून ते पुढे गेलं, आणि ओर्ताच्या चारशे वर्षं आधी ऱ्हाइनकाठची साध्वी हिल्डेगार्ड काळजाच्या दुखण्यावर ते खायला सांगून गेली. इथला उपयोग अधिक घरगुती: गारठ्यानं धरलेलं पोट, वायू, साचलेला कफ, तोंडाची दुर्गंधी, बसलेला आवाज. चूर्ण करून मधात चाटवायचं, नाहीतर नुसतं चघळायचं.

तुम्ही चघळता. आधी लाकूड, मग गोडसर काही, मग एकदम जाळ. नाकापर्यंत वाट मोकळी होते.

“पुस्तक टिकेल ना?” ओर्ता विचारतो.

टिकेल. चारच वर्षांत युरोपातला वनस्पतिपंडित क्लुसियस त्याचा लॅटिन सारांश काढेल. पण गोव्यात धर्मन्यायालय येऊन तीन वर्षं झालीत, आणि ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू. १५६८ मध्ये हा माणूस जाईल, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळतील, आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून तीही जाळतील.

गळा अगदी साफ झालेला असतो. तुम्ही “हो” म्हणता आणि दुसरा तुकडा तोंडात टाकता.