रिमोट हरवला, तरी प्लेअर आपलाच

घरातल्या वस्तूंचा इतिहास सांगताना आज आम्ही निवडली आहे टीव्हीच्या कपाटात मागं सरकलेली एक जोडी. सीडी-डीव्हीडी लावायचा प्लेअर आणि त्याचा रिमोट. आपल्या सिद्धेश्वर भागात, धरणाजवळच्या गावांत म्हणा की औंढ्याच्या रस्त्यावरच्या वस्तीवर म्हणा, वीस वर्षांपूर्वी ही जोडी पुष्कळ घरांत होती. आता बघितलं तर प्लेअर आहे, सीड्या आहेत, रिमोट तेवढा नाही. कुठं लेकरांनी हरवला, कुठं सेल पाझरले आणि आतून गंज चढला. त्यामुळं लग्नाची सीडी बघता येत नाही, बारशाची बघता येत नाही. ज्या सासूबाई आता नाहीत, त्यांनी हळदीला म्हटलेलं गाणं ऐकता येत नाही. यंत्र चांगलं आहे आणि सीडीही चांगली आहे, तरी दोन्ही मुकी पडलीत. एवढ्याशा वस्तूवाचून एवढं का अडावं? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि उपायही तिथंच आहे.

आधी हे ध्यानात घेऊ, की सुरुवातीला यंत्राची बटणं यंत्रावरच असत. रेडिओला खुंटी असायची, ती पिळायची. टीव्हीला गोल खटका असायचा, तो कटकट फिरवायचा. ज्याला उठता येतं, त्याला यंत्र चालवता येतं, असा सरळ हिशोब होता.

लांबून यंत्र चालवायची कल्पना मात्र जुनी आहे. १८९० च्या दशकात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला यांनी पाण्यातली एक छोटी बोट रेडिओ लहरींनी चालवून दाखवली. बघणाऱ्यांना ती जादूच वाटली.

टीव्हीसाठी हे काम अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीनं केलं. १९५० साली त्यांनी आणलेल्या रिमोटला लांब वायर होती. खोलीभर पसरलेल्या त्या वायरीत माणसं अडखळायची. १९५५ साली त्याच कंपनीतल्या युजीन पॉली यांनी बॅटरीसारखा उजेड पाडणारा रिमोट केला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारे डोळे बसवलेले होते. कोपऱ्यावर झोत मारला की टीव्ही ऐकायचा. पण खिडकीतून ऊन आलं तरी टीव्ही आपोआप चालू-बंद व्हायचा. मग १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी आवाजाचा रिमोट आणला. आत ॲल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटायची आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा बारीक आवाज निघायचा. त्याला सेलही लागत नव्हता. हीच पद्धत पुढं पाव शतक चालली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी टीव्हीनं चॅनेल बदलावं, असा मात्र तिचा खोडा होता.

१९८० च्या आसपास आजची पद्धत रुजली. ती उजेडाचीच आहे, फक्त तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तांबड्या रंगाच्या पलीकडचा म्हणून त्याला अवरक्त किरण म्हणतात. रिमोटच्या तोंडाशी छोटा दिवा असतो. बटण दाबलं की तो सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा लुकलुकतो. हे लुकलुकणं थोडं चालतं, थोडं थांबतं, पुन्हा चालतं. या चालण्या-थांबण्याच्या मापात निरोप भरलेला असतो. पूर्वी तारेनं कट्ट-कडकट्ट करत निरोप जायचा, तसाच हा समजा.

या निरोपात दोन गोष्टी असतात. पहिली, निरोप कुणासाठी आहे. दुसरी, करायचं काय. फिलिप्स कंपनीनं आपल्या पद्धतीत यंत्रांना नंबरच देऊन टाकले : टीव्हीला शून्य, व्हीसीआरला पाच, सीडी प्लेअरला वीस. त्यामुळं सीडीचं बटण दाबलं की टीव्ही गप्प राहायचा. जपानच्या एनईसी कंपनीनं दुसरी पद्धत काढली. तीत प्रत्येक निरोप एकदा सरळ आणि एकदा उलटा जातो. दोन्ही जुळले तरच यंत्र मानतं. बाकीच्या कंपन्यांनीही आपापल्या बोल्या काढल्या. सगळ्यांनी मिळून एक बोली ठरवली असती तर आज घराघरांत तीन-तीन रिमोट दिसले नसते. तसं झालं नाही.

आता आपल्याकडं येऊ. दिल्लीत दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ च्या एशियाडपासून टीव्ही रंगीत झाला. त्याच दशकात आपल्या मराठवाड्यात, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात, धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनचे टीव्ही तयार होऊ लागले. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' मालिका सुरू झाली आणि दर रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. पण गावाकडं चॅनेल एकच. बदलायचं काय? रिमोट म्हणजे श्रीमंतांच्या टीव्हीचा नखरा होता. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि रात्रभर तीन पिक्चर बघायचे. त्या यंत्राला हात लावायचा मान भाड्यानं आणणाऱ्या पोराचाच.

१९९१ नंतर चित्र पालटलं. आधी परदेशी चॅनेल आले, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आला, १९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ईटीव्ही मराठी. चॅनेल वाढले तसा घरात प्रश्न उभा राहिला, बघायचं कुणाच्या मर्जीनं? उत्तर सोपं झालं, ज्याच्या हातात रिमोट त्याच्या. बाजेवर बसलेल्या माणसाच्या उशाशी रिमोट गेला आणि भाकरी थापणाऱ्या बाईनं तिथूनच जे दिसेल ते बघितलं. क्रिकेट असेल तर क्रिकेट, बातम्या असतील तर बातम्या.

हा शब्द राजकारणातही तेव्हाच रुळला. १९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं. मुख्यमंत्री होते मनोहर जोशी, पण सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हातात आहे, असं बाळासाहेब ठाकरे उघड म्हणायचे. खेड्यापाड्यातल्या माणसालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. त्याच सुमारास, २४ एप्रिल १९९३ पासून, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या. आपल्या राज्यात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. खुर्चीवर बाई बसली. पण सही कुठं करायची हे कित्येक गावांत नवराच सांगत राहिला. त्यालाही लोक रिमोटच म्हणाले. खुर्ची मिळाली, बटणं दुसऱ्याच्या हातात. हे दुखणं आपल्याला चांगलं ओळखीचं आहे.

सीडी प्लेअरच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. सीडी आली १९८२ साली, फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून केलेली, फक्त गाण्यांसाठी. १९९३ साली तिच्यावर चित्र बसवायची पद्धत ठरली, तीच व्हीसीडी. एका चकतीवर साधारण सव्वा तास मावायचा. म्हणून आपला तीन तासांचा पिक्चर दोन-तीन चकत्यांवर यायचा. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली, तीत अख्खा पिक्चर मावला. अमेरिकेत, युरोपात व्हीसीडी फारशी चालली नाही. पण आपल्यासारख्या दमट पावसाळ्याच्या देशांत कॅसेटच्या फितीला बुरशी धरायची. चकतीला तेवढी नाही. शिवाय ती स्वस्त. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीनं पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनीही कॅसेट सोडून सीडी द्यायला सुरुवात केली.

प्लेअर स्वस्त करायचा तर काहीतरी कमी करावं लागतं. कमी झाली ती अंगावरची बटणं. ट्रे उघडायचं, चालू करायचं, थांबवायचं, एवढी दोन-चार बटणं पुढं राहिली. बाकी सगळं रिमोटवर गेलं. डीव्हीडीवर आधी यादी येते : हळद, लग्न, वरात. त्या यादीत खाली-वर जायचे बाण फक्त रिमोटवर. टीव्हीला चित्र काळं-पांढरं दिसत असेल तर प्लेअरची सेटिंग बदलावी लागते, तीही रिमोटवरच. आणि आपल्याकडं भारनियमन. येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर वीज तयार होते, तेच पाणी पुढं आपल्या सिद्धेश्वरला येतं, पण खेड्यात लाईट तासन्‌तास नसायची. पिक्चर अर्ध्यावर असताना लाईट गेली, की परत आल्यावर गाडी पुन्हा पहिल्यापासून. पुढं न्यायचं तर रिमोट पाहिजे.

म्हणजे प्लेअर विकत घेतला आपण, पण त्याची मालकी राहिली त्या हातभर प्लास्टिकच्या तुकड्यात. तो गेला की सगळंच गेलं.

यावरचा उपाय मात्र सीडीवर चित्र येण्याआधीच निघाला होता. १९८५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं दुसऱ्या रिमोटकडून शिकणारा रिमोट बाजारात आणला. जुना रिमोट त्याच्या तोंडासमोर धरायचा, बटण दाबायचं, नवा ते लुकलुकणं लक्षात ठेवायचा. १९८७ साली ॲपल कंपनी उभारणाऱ्यांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीही असा रिमोट काढला. काम पुष्कळ करायचा, पण सर्वसामान्य माणसाला वापरायला अवघड. पुढं दुसरी पद्धत लोकांना जास्त मानवली. सगळ्या कंपन्यांच्या बोल्या आधीच रिमोटच्या पोटात भरून ठेवायच्या आणि प्रत्येकीला एक नंबर द्यायचा. आपण फक्त नंबर सांगायचा. हाच युनिव्हर्सल रिमोट.

हा नंबर टाकणं अवघड नाही. रिमोटगणिक थोडा फरक पडतो, पण रीत साधारण अशी. नवे सेल घाला. प्लेअर हातानं चालू करा. रिमोटवर 'डीव्हीडी' लिहिलेलं बटण दाबा, मग 'सेट'चं बटण दाबून धरा. वरचा लाल दिवा लागून राहिला की हात काढा. सोबतच्या कागदावर कंपनीच्या नावापुढं तीन किंवा चार आकडी कोड असतात, त्यातला पहिला टाका. दिवा विझला की रिमोट प्लेअरकडं धरून बटण दाबून बघा. ऐकलं नाही तर दुसरा कोड. बाण, यादी आणि थांबवायचं बटण, तिन्ही चालतात का बघा. कधीकधी चालू-बंद तेवढं चालतं आणि बाण चालत नाहीत. मग पुढचा कोड.

कागद हरवला असेल, किंवा कंपनीचं नाव त्यात नसेल, तरी मार्ग आहे. 'सेट' दाबून दिवा लागला की रिमोट प्लेअरकडं धरून चालू-बंदचं बटण सावकाश, एकेकदा दाबत राहायचं. दर वेळी रिमोट नवी बोली बोलून बघतो. काही रिमोट तर बटण धरून ठेवलं की आपले आपणच बोल्या बदलत जातात. ज्या क्षणी प्लेअर बंद होईल, त्या क्षणी थांबायचं आणि 'सेट' दाबून ती बोली पक्की करायची. घाई केली तर बरोबरची बोली निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून दाबत बसावं लागतं.

आणखी तीन गोष्टी गाठीला बांधा. पहिली, जुना रिमोट खराब झाला असं ठरवण्याआधी त्याचं तोंड मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुष्कळ मोबाईलवर दिव्याचा जांभळट उजेड दिसतो. दिसला तर रिमोट जिवंत आहे. दुसरी, आपल्याकडं स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरना आत सारख्याच चिप होत्या. म्हणून दुकानदार जुन्या रिमोटची बटणं बघून तसाच दुसरा काढून देतो आणि तो चालतो, नाव कुठलंही असो. म्हणून मोडका रिमोट टाकून देऊ नका, दुकानात सोबत न्या. तिसरी, काही युनिव्हर्सल रिमोटमधून सेल काढले की कोड पुसला जातो. जुळलेला कोड सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवा. तो घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. लेकीला, सुनेला, शेजारणीलाही दाखवा.

प्लेअर चालू झाला की एक काम लांबणीवर टाकू नका. घरी भरलेल्या सीडीवर रंगाचा पातळ थर असतो. ऊन आणि ओल यांनी तो हळूहळू जातो. सीडी चित्र देतेय तोवरच तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरवाल्याकडं जाऊन ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आपल्या भागातल्या बायकांची गाणी कुठल्या पुस्तकात फारशी नाहीत. हळदीची, घाण्याची, लेक सासरी निघतानाची गाणी शूटिंगवाल्यानं नकळत टिपून ठेवली आहेत, ती याच चकत्यांवर. त्यातल्या कित्येक गाणाऱ्या आज नाहीत.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात कपाटातला प्लेअर पुढं ओढा, धूळ पुसा आणि कोड टाकून बघा. चालला तर शेजारच्या चार बायकांना बोलवा, आणि त्या वेळी रिमोट तुमच्याच हातात ठेवा. पुढच्या वेळी अशाच एका घरातल्या वस्तूची गोष्ट घेऊन येऊ. नमस्कार.