पदवी मोठी, वर्ग पहिलीचा
प्राथमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या पदवीधरांसमोरील वाटा

दहावीच्या वर्गाला बीजगणित शिकविण्यास पात्र असलेला बी.एड.धारक पहिलीच्या मुलांना अंकओळख करून देण्यास अपात्र कसा ठरतो, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत हजारो पदवीधरांनी विचारला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात त्याचे उत्तर दिले. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही, असा तो निकाल होता. पदवीनंतर प्राथमिक शिक्षणाकडे वळणाऱ्यांनी या निकालामागील विचार नीट समजून घेणे आवश्यक आहे.

वादाची पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शिक्षकांची किमान पात्रता ठरविण्याचे काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे सोपविण्यात आले. परिषदेने २०१० मध्ये प्राथमिक वर्गांसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका निश्चित केली. महाराष्ट्रात दीर्घकाळ डी.एड. म्हणून ओळखला गेलेला हा अभ्यासक्रम आता डी.एल.एड. या नावाने चालतो. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने मात्र बी.एड.धारकांनाही प्राथमिक शाळांचे दार उघडण्यात आले. नियुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, एवढीच अट होती.

राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ही अधिसूचना रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मोफत शिक्षणाच्या हक्कात दर्जेदार शिक्षणाचा हक्क अंतर्भूत आहे आणि लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र बी.एड.च्या अभ्यासक्रमात शिकविले जात नाही, हा त्यामागील मुख्य तर्क होता. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने निकालापूर्वी झालेल्या पात्र नियुक्त्यांना संरक्षण दिले. त्यामुळे आधीच सेवेत असलेल्यांना दिलासा मिळाला. नव्या उमेदवारांसाठी ती वाट बंद झाली.

फरक नेमका कोठे?

बी.एड.चा अभ्यासक्रम विषयाभोवती रचलेला असतो. विद्यार्थ्याला वाचता, लिहिता आणि मोजता येते, हे त्यात गृहीत धरलेले असते. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

मराठी संख्यांचेच उदाहरण घ्यावे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर; लिहिताना मात्र क्रम उलटतो. त्यामुळे अनेक मुले २५ ऐवजी ५२ लिहितात. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येतात, पण अंक लिहावयाचा असतो २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी मांडणी आली, तेव्हा राज्यभर वाद झडला. वादाची बाजू कोणतीही घेतली, तरी चूक करणारे मूल निर्बुद्ध नसून भाषेच्या रचनेशी झगडत आहे, हे शिक्षकाला ओळखता आले पाहिजे. गणितातील पदव्युत्तर पदवीमुळे ही ओळख आपोआप येत नाही.

भाषेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला शाळेची प्रमाण मराठी जवळजवळ परभाषाच असते. अशा वर्गात अक्षरओळखीपूर्वी भरपूर बोलणे, गोष्टी आणि घरच्या भाषेचा आदर यांची गरज असते. हातचा, जोडाक्षरे आणि वाचनाचा आरंभ या गोष्टी प्रौढांना सोप्या वाटतात, कारण त्या आपण कशा शिकलो हे त्यांना आठवत नाही.

जुना वारसा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचे काम शिकण्यास गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी अंगणवाडीची कल्पना प्रत्यक्षात आणली. शिक्षक घडविणाऱ्या संस्थेच्या प्रमुखालाही लहान मुलांसाठी पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून दाखविले.

आजच्या वाटा

पदवीधराला पहिली ते पाचवीचे वर्ग हवे असल्यास डी.एल.एड. हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी बारावीचे गुण पाहिले जातात. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर द्यावा लागतो. १५० गुणांच्या या पेपरमध्ये बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. बी.एड.धारकांना सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर खुला आहे. एम.एड. प्रामुख्याने अध्यापक महाविद्यालयांतील अध्यापनासाठी उपयोगी पडते. पहिलीच्या वर्गाची पात्रता त्यातून मिळत नाही.

पात्रता परीक्षेचे महत्त्वही वाढले आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र धरला आणि २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकांची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट ठेवले. या पदवीत पायाभूत स्तरासाठी स्वतंत्र प्रशिक्षणाची सोय आहे. ती अन्य पदवी घेऊन बसलेल्यांच्या मात्र कामाची नाही; त्यांना पुन्हा दोन वर्षे द्यावी लागतात.

खरी उणीव

सहा वर्षांखालील मुलांच्या शिक्षकांचा प्रश्न याहून बिकट आहे. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा या वयोगटाचा आहे. १९७५ पासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास सेवेतील अंगणवाडी सेविकेवर पोषण आहार, लसीकरणास साह्य आणि नोंदी यांचा भार असतो. शिकविण्यासाठी उरतो तो वेळ. नव्या धोरणाने बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचे आणि इतरांसाठी एक वर्षाचे प्रशिक्षण सुचविले आहे.

न्यायालयाने पात्रतेची रेषा आखली असली, तरी समाजाच्या मनातील उतरंड कायम आहे. महाविद्यालयाचा प्राध्यापक वरच्या पायरीवर, बालवाडीच्या ताई तळाशी, आणि वेतनही त्याच क्रमाने. ‘लहान मुलांना काय, कोणीही शिकवील’ ही समजूत जोवर घराघरांतून जात नाही, तोवर गुणी पदवीधर पहिलीच्या वर्गाकडे आवडीने वळणार नाहीत. आणि पाया कच्चा राहिल्याची किंमत पुढे दहावीच्या निकालात मोजावी लागेल.