कार्टिंग : मोटार शर्यतीची पहिली पायरी

मोटार शर्यतीत उतरू इच्छिणाऱ्या पुणेकरांनी भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवर सरावास प्रारंभ करणे इष्ट. कार्टची मागची चाके एकाच अखंड आसावर फिरतात. वळणावर आतले चाक किंचित उचलले गेले, तरच ती सहज वळते. हे तंत्र साधण्याआधी स्वतःची कार्ट घेणे म्हणजे पैशांचा अपव्यय होय.

२०१० च्या दशकात कोल्हापुरातील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. या स्पर्धेतील १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिने सीलबंद असतात. त्यामुळे कस लागतो तो चालकाचा. राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'एफएमएससीआय' या महासंघाचा परवाना आवश्यक असतो. पात्रता फेरी, प्री-फायनल व फायनल असा क्रम असतो. शर्यतीनंतर चालकासह कार्टचे वजन होते. ते किमान मर्यादेहून कमी भरल्यास हाती आलेला विजयही जातो.